धुऊ नका, आधी दाखवा

"धू नको गं. आधी दाव."

बाईंच्या तोंडून बाहेर पडणारं पहिलं वाक्य हे. ये-बैस नाही, पोराचं नाव काय नाही. मूल कडेवर घेऊन कुणी आई दवाखान्याची पायरी चढली की बाई उजवा हात पुढे करायच्या, तळवा वर, प्रसाद घ्यायला करतात तसा. आणि मागायच्या काय, तर पोराचं भरलेलं दुपटं. पेठेतल्या एखाद्या प्रतिष्ठित घरातली सून आली तर वाक्य तेच, फक्त इस्त्री केलेलं. "धुऊ नका. आधी दाखवा."

आता माझ्या तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नाही, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. त्या बाई मला डोळ्यांसमोर नको असायच्या.

गोष्ट दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांतली, कर्जतची. आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत यांचा दवाखाना होता. मी पेणहून लग्न होऊन आले होते. मराठी सातवी पास, रंग गोरा, भरतकाम उत्तम. एवढ्या भांडवलावर नवरा जन्मभर आपल्याच तोंडाकडे बघत बसेल अशी माझी पक्की समजूत होती. नवरा बघत बसायचा खरा, पण एका पितळी नळीत. यांनी मुंबईहून एक जुना सूक्ष्मदर्शक आणला होता. गावात सगळे त्याला दुर्बीण म्हणत, मीही म्हणायचे. आणि त्या दुर्बिणीपाठोपाठ घरात आल्या बाई.

बाई खालापूरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. मुंबईच्या एका इस्पितळात नर्सचं शिक्षण घेऊन तिथेच मुलांच्या वॉर्डात काम केलेलं. उंच, सावळ्या, तिशीच्या आसपास. अंगावर पांढरं सुती पातळ आणि पायात कॅनव्हासचे बूट. लग्न झालेलं नव्हतं. का केलं नाहीत, असं मी आल्या-आल्याच विचारून घेतलं. म्हणाल्या, "राहून गेलं, वहिनी." जशी काही बाजारातून येताना कोथिंबीर आणायची राहून गेली. जिचं लग्न इतक्या सहज राहून जातं ती बाई आपल्या घरात वावरणं बरं नव्हे, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दुर्बिणीला डोळा लावायची जागा एकच आणि समोर तिवईही एकच. त्यामुळे दोघं शेजारी शेजारी कधी बसत नसत. एखादी शहाणी बायको एवढ्यावर निश्चिंत झाली असती. माझं डोकं वेगळं चालायचं. हे उठले की बाई बसायच्या, बाई उठल्या की हे. म्हणजे ती तिवई दिवसभर गार होत नव्हती. मी स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसायचे आणि मला त्या तिवईची ऊब तिथपर्यंत लागायची. तुम्ही हसाल, पण एकदा दोघं बाहेर पडल्यावर मी जाऊन तिच्यावर हात ठेवून बघितला होता.

त्याच दिवशी नळीतही डोकावले. एवढं दोघांना भुलवणारं आहे तरी काय, ते कळू दे. डोळा नळीवर घट्ट दाबला आणि दिसले की मला जंतू. काळे, लांब, बाकदार, सगळे एका ओळीत उभे. मी दचकले की तेही दचकायचे. जेवताना मी यांना ऐकवलं, मीही बघितले तुमचे जंतू, काही विशेष नाहीत, बोंबलाच्या काट्यांसारखे दिसतात. यांनी तोंडातला घास आधी नीट गिळला. मग म्हणाले, "त्या तुझ्या पापण्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे बाईंना सांगितलं. आपल्या बायकोची फजिती नवऱ्याने दुसरीला सांगावी, याच्याहून मोठा विश्वासघात मला तेव्हा ठाऊक नव्हता.

दोघांचं बोलणं काय चालायचं, तर सगळं तान्ह्या पोरांच्या पोटाचं. त्या काळी आमच्याकडे लहान मुलाला हगवण लागली की कारणं दोनच. दात येतायत, नाही तर नजर लागलीय. हे आणि बाई म्हणायचे, नाही, हे जंतूंचं काम, आणि प्रत्येक जंतूची तऱ्हा वेगळी. पटकीचे वेगळे, आवेचे वेगळे, नासक्या दुधातून येणारे आणखी वेगळे. कुठल्या जंतूचा संशय धरायचा हे पहिल्यांदा दुपटं सांगतं, म्हणून बाईंचा तो पुढे केलेला हात.

आता हे सांगायला शब्द लागतात. ते बाईंनी माझ्या स्वयंपाकघरातून उचलले. मी यांचं पान वाढत असायचे आणि मधल्या दारापलीकडून बाई सांगत असायच्या. सकाळच्या पोराचं अगदी पेजेसारखं आहे, म्हणजे पटकीची भीती. दुसऱ्याचं हिरवं, फेसाळ, अळूच्या फदफद्यासारखं. तिसऱ्याचं रक्त आणि शेंबूड, जांभळाचा गर कुस्करावा तसं, म्हणजे आव. एकेक करून माझ्या तोंडची पेज गेली, फदफदं गेलं, आणि जांभळं तर मला फार आवडायची, तीही गेली. हे मात्र मान डोलवत भात कालवायचे. माझ्या हातच्या एकाही पदार्थावर यांनी इतकी चर्चा केलेली मला आठवत नाही.

तिकडे आयांची वेगळीच अडचण. घाण वस्तू घेऊन डॉक्टरच्या दारात जायचं कसं? कळंबहून एक पोरसवदा आई बैलगाडीने आली. बाईंनी हात पुढे केला. तिने पदराखालून दुपटं काढून दिलं. राखेने घासलेलं, उन्हात वाळवलेलं, चौघडी घातलेलं. बाईंनी ते उलगडलं, उजेडाकडे धरलं, परत तसंच घडी करून तिच्या मांडीवर ठेवलं.

"डाक्तराच्या हातात घान कशी द्यायची?" ती म्हणाली.

"मी सून बघाया आले नाय, पोराचं दुखनं बघाया बसले हाय. बस हितं. दुसरं झाल्याबगर जायाचं नाय."

ती बसली. दोघी मग भाताच्या लावणीचं बोलत राहिल्या. बाई आमच्याशी एक भाषा बोलायच्या आणि त्या आयांशी दुसरी, आणि दुसरी बोलताना त्यांचा चेहरा मऊ व्हायचा. मला एकच भाषा येत होती आणि तीही बहुतेक टोमणे मारण्यापुरती.

मग आयांनी वाट काढली. पळसाच्या पानाच्या द्रोणात ते घ्यायचं, वर दुसरं पान झाकायचं, दोऱ्याने बांधायचं. पेठेतून जाताना बघणाऱ्याला वाटावं, कुणाकडे तरी नैवेद्य चाललाय.

इथे माझा घात झाला. बऱ्या झालेल्या पोरांच्या आया बाईंना काही ना काही आणून द्यायच्या. डॉक्टरांना रामराम आणि बाईंना करवंदं. हा अन्याय मला बघवेना. घर माझं, ओटा माझा, तेव्हा ओट्यावर ठेवलेली करवंदंही माझी, असा मी कायदा केला. एका सकाळी ओट्यावर द्रोण दिसला. ठेवणारी सांगून गेली होती, बाईंसाठी आहे. मी तो उचलला, थेट स्वयंपाकघरात नेला, पाटावर बसले, मांडीजवळ मिठाची वाटी घेतली आणि दोरा सोडला.

पुढचं सांगत नाही. तुमच्यापैकी कुणी जेवायला बसलं असेल.

माझी किंकाळी ऐकून बाई आल्या. हसल्या नाहीत. पाणी उकळलं, जमीन आणि पाट भाजून काढावेत तसे धुतले, माझे हात कोपरापर्यंत साबणाने चोळले, नखांतून ब्रश फिरवला. लहान मुलाचे धुवावेत तसे. मग दवाखान्यात गेल्या, मधलं दार लोटून घेतलं, आणि थोड्या वेळाने दारामागून हसू आलं. आधी त्यांचं, मग यांचं, मग दोघांचं. मला हसले याचं एवढं नाही वाटलं. एकत्र हसले.

आमची मुलगी तेव्हा नुकती पावलं टाकायला लागली होती. बाई दिसल्या की दोन्ही हात पसरायची. मी लगेच तिला भूक लागली म्हणून आत न्यायचे. दवाखाना त्यांचा असेल, नवराही दिवसभर त्यांच्या कामात असेल, पण ही एक गोष्ट माझी आणि माझ्याच कडेवर राहील, असं मी मनाशी बांधलं होतं.

श्रावण सरत आला होता आणि माश्यांनी घर भरलं होतं. नदीपलीकडे कोंडाणे गावाच्या बाजूला मुलांमध्ये आवेची साथ म्हणून हे सकाळीच तिकडे गेले. निघताना मुलीला एक-दोनदा पातळ झालं होतं. हे म्हणाले, दात येतायत, संध्याकाळी बघतो. डॉक्टर असले तरी बाप होते, आणि बापाला दातच सुचतात. दुपारी पाऊस असा कोसळला की नदी फुगली आणि निरोप आला, पलीकडून कुणी येऊ शकत नाही.

तोवर मुलीला ताप भरला. गुडघे पोटाशी घेऊन किंचाळायला लागली. दुपटं बघितलं तर रक्त.

आणि मी काय केलं? ज्या घरात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत "धुऊ नका" ऐकू येत होतं, त्या घरच्या मालकिणीने मागच्या दारी जाऊन ते दुपटं साबण लावून धुतलं. माझ्या मुलीचं दुपटं त्या बाईच्या हातात जायला नको. माझी मुलगी उद्या त्यांच्या बोलण्यातलं जांभूळ व्हायला नको.

रडणं ऐकून बाई मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्या शब्दाशिवाय त्या उंबरा ओलांडत नसत. मी म्हटलं, डॉक्टर आले की बघतील.

"डॉक्टर आज येत नाहीत, वहिनी. आणि ती रडतेय, पण डोळ्यांत पाणी नाही. बघा तुम्हीच."

मी बघितलं. तोंड वाकडं करून रडत होती, आवाज चिरका निघत होता आणि गाल कोरडे. डोळे सकाळपेक्षा आत गेलेले. बाईंनी हात पुढे केला, तळवा वर.

"धुतलं," मी म्हटलं.

त्या तेव्हा मला काही बोलल्या असत्या तर मी भांडले असते. भांडायला मला आवडलंही असतं. त्यांनी बूट काढले, आत आल्या, हात धुतले आणि चटईवर मुलीच्या पलीकडे बसल्या. म्हणाल्या, "मग थांबू या."

तुम्ही आयुष्यात कशाकशाची वाट बघितली असेल. मी त्या दुपारी दुपटं भरायची वाट बघितली. मध्ये मुलगी, एका बाजूला मी, एका बाजूला बाई, आणि दोघींची नजर एकाच ठिकाणी. थांबताना त्यांनी मला पातळ पेज करायला लावली, चिमूटभर मीठ घालून. माझ्या आईने सांगितलेलं, हगवणीत पाणी दिलं की वाढतं. मी तसं म्हटलं. बाई म्हणाल्या, "जातंय तेवढं तरी आत घालायला नको का?" मी चमचा पुढे केला तर मुलीने तोंड फिरवलं. बाईंनी केला तर गिळलं. पोरीचा जीव टांगणीला लागलेला, आणि तरी मला आत काहीतरी टोचलंच. मत्सराला वेळकाळ नसतो.

मग मी न राहवून विचारलं, "तुम्हाला हे आवडतात का?" यांच्याबद्दल. असल्या वेळी. माझं मलाच नवल वाटतं.

बाईंनी चमचा थांबवला नाही. "आवडतात," म्हणाल्या. "काचेवर बोटं उमटवत नाहीत."

इतक्यात मुलगी कळवळली आणि आम्ही ज्याची वाट बघत होतो ते आलं. मी देवापुढे हात जोडले. बाई ते दुपटं दोन्ही हातांनी उचलून खिडकीजवळच्या टेबलाशी गेल्या. काडीने थोडं काचेवर घेतलं, वर दुसरी पातळ काच ठेवली, नळीला डोळा लावला. बराच वेळ उठल्या नाहीत. मी मुलीला खांद्यावर टाकून मागे उभी. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "बसा. तुम्ही बघा."

मी म्हटलं, मला काय कळतंय. तेव्हा त्यांनी सांगितलं. आव दोन जातींची. एकीचा जीव मोठा असतो, तो या नळीत सरकताना दिसतो. तिच्यावरची सुई लहान मुलाच्या काळजावर जड जाते. दुसरीचे जंतू फार बारीक. ते या नळीत नाव सांगत नाहीत, त्यांना ओळखायला मुंबईला पाठवून वाढवून बघावं लागतं, आणि तोवर मूल थांबत नाही. पण त्यांनी आतड्याची काय दशा केली ते मात्र दिसतं. त्यांच्यावर नव्या गोळ्या निघाल्यात, त्या कपाटात आहेत.

कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. लढाईमुळे त्या गोळ्या मुश्किलीने मिळायच्या, आणि यांच्या सांगण्याशिवाय बाईंनी त्या कुणालाच कधी दिल्या नव्हत्या.

"मी चुकले तर माझी नोकरी जाईल," बाई म्हणाल्या. "तुमचं काय जाईल ते मी बोलत नाही. म्हणून म्हणते, बघा."

मी बसले. तिवई उबदार होती. या खेपेला बाईंनी माझी हनुवटी धरून मला जरासं मागे घेतलं. पापण्यांचं नाव काढलं नाही. आधी नुसता उजेड, मग त्यात गोल गोल फिकट ठिपके, चिकार, आणि मधे मोठे, दाणेदार गोळे. मांडलेल्या रांगोळीवरून कुणी चालून गेल्यासारखं सगळं.

"ते लहान म्हणजे रक्त. मोठे म्हणजे पू. सरकतंय का काही?"

"नाही."

"सावकाश बघा. पाय काढून पुढे जाणारं?"

मी काच संपेपर्यंत बघितलं. "नाही, बाई."

"मलाही नाही दिसलं. म्हणजे दुसरी जात."

म्हणजे इतके दिवस त्या खिडकीशी हेच चाललं होतं. सरकतंय का. नाही सरकत. मी मनात काय काय रचलं होतं आणि हे काय होतं. कमरेची किल्ली सोडताना मला हसू येत होतं. गोळी कुटून पेजेत कालवली. मुलीने ती बाईंच्याच हातून घेतली. घेऊ दे, म्हटलं.

हे दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलाने माखून आले. ताप उतरणीला लागला होता. यांनी नवी काच करून बघितली आणि म्हणाले, बरोबर ओळखलंत. बाई म्हणाल्या, "वहिनींनी बघून सांगितलं, मग दिली." हे वळून माझ्याकडे बघत राहिले. माझ्या भरतकामाकडे असं कधी बघितलं नव्हतं.

मुलगी उठून बसली, रडली तर गाल ओले व्हायला लागले. मी बाईंना विचारलं, इतकी काळजी घेऊन माझ्याच घरात हे कुठून आलं? म्हणाल्या, "माशी काय डॉक्टरचं घर बघून परत जाते?"

आता तुम्ही म्हणाल, झालं, मत्सर संपला. छे. एवढा पोसलेला मत्सर असा जातो होय? त्याने फक्त तोंड फिरवलं. आता हे बाईंशी बोलत बसले की मला यांचा राग यायला लागला. सगळ्या गोष्टी त्यांनाच का सांगायच्या? मी यांना लांबच्या गावांना पाठवण्यात फार तत्पर झाले. हे गाडीत बसले की मी तिवईवर. बाई मागे उभ्या राहून विचारायच्या आणि मी सांगायचे, चुकायचे, परत सांगायचे. हे परत आले की मधल्या दारात उभे राहून खाकरायचे. आम्ही दोघी ऐकू न आल्यासारखं करायचो.

लढाई संपल्यावर बाईंना घाटावरच्या एका सरकारी इस्पितळात मुलांचा अख्खा वॉर्ड सांभाळायला बोलावलं. नाही कशाला म्हणतील?

आम्ही तिघं स्टेशनवर पोचवायला गेलो, हे, मी आणि मुलगी. कर्जतला घाटाकडे जाणारी गाडी लवकर सुटत नाही. चढावर ढकलायला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात. त्यामुळे आमचे निरोप घेऊन झाले, हात हलवून झाले, मुलीचा पापा घेऊन झाला, आणि गाडी जागच्या जागी. परत तेच बोलायचं तर विचित्र, आणि नुसतं बघत राहायचं तर त्याहून विचित्र. बाईंनी खिडकीतून यांना सांगितलं, पावसाळ्यात भिंग कोरड्या फडक्यात ठेवा, बुरशी धरते. हे हो म्हणाले. मला काहीच सांगितलं नाही. मी मनात म्हटलं, बघा, जाता जाता वाक्य यांना आणि मला कोरडंच ठेवलं.

मागून इंजिनाचा धक्का बसला तशी बाईंनी मला बोटाने जवळ बोलावलं. मी खिडकीशी कान नेला.

"वहिनी, माझ्या जागी कुणाला घ्यायची झाली, तर जरा म्हातारी बघा."

म्हणजे सगळं ठाऊक होतं. अगदी पहिल्या दिवसापासून. मी काही बोलायच्या आत गाडी हलली. त्या हसत होत्या, आणि या वेळी एकट्या माझ्याकडे बघून.

गाडी वळणाआड गेली. हे रुळांकडे तोंड करून उभे राहिले. मी मुलीच्या झग्याचा बंद बांधायच्या निमित्ताने त्यांच्याकडे पाठ केली आणि पदर डोळ्यांना लावला. मग माझ्या मनात आलं, यांना किती वाईट वाटलंय? माझ्यापेक्षा जास्त तर नाही? मी हळूच मान वळवून बघितलं.

हे रुमाल डोळ्यांना लावून उभे होते, आणि रुमालाच्या काठावरून माझ्याकडेच बघत होते.